वाचायचे बायबल आणि अभ्यासाचे बायबल

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. रोजच्या वाचनासाठी बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’ घ्या, अ‍ॅपवर ज्याच्यापुढे आर.व्ही. असे दिसते ते. अभ्यासासाठी त्याच्या शेजारी दुसरे भाषांतर हवेच. इंग्रजी वाचता येत असेल तर ईएसव्ही किंवा एनआरएसव्ही यांपैकी एक इंग्रजी भाषांतर, आणि अडलेल्या जागी नेट बायबल या आणखी एका इंग्रजी भाषांतराच्या टिपा. इंग्रजी नको असेल तर आर.व्ही.च्या जोडीला सोसायटीचेच सी.एल., म्हणजे सर्वसामान्य बोलीतले भाषांतर. एकाच पुस्तकात दोन्ही कामे उरकायला गेलेल्यांची एक तर रोजची सवय मोडते, नाही तर अभ्यास वरवरचा राहतो. आमच्या अभ्यासवर्गात हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर बायबल अभ्यासाचा छोटा वर्ग घेते. कॉलेजातली मुले येतात, नोकरदार येतात, आणि दृष्टी अधू झाल्यामुळे ज्यांना आता फक्त ऐकताच येते अशा दोन आजीही येतात. म्हणून कोणतेही भाषांतर हाती आले की मी ते आधी मोठ्याने वाचून बघते. डोळा पुष्कळ काही चालवून घेतो, कान घेत नाही. शिवाय हे लिखाण मुळात ऐकण्यासाठीच होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी (५:२७) पौल शपथ घालून सांगतो की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. प्रकटीकरणाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणारा आणि ऐकणारे यांना धन्य म्हटले आहे.

मोठ्याने वाचण्यासाठी माझ्या ठरलेल्या जागा म्हणजे तेविसावे स्तोत्र, रूथचा पहिला अध्याय आणि रोमकरांसच्या पत्राचा आठवा. कविता, गोष्ट आणि युक्तिवाद, तिन्ही त्यात येतात. आर.व्ही. पहिल्या दोहोंत फार वरच्या दर्जाचे आहे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही.’ यात एकही शब्द शोभेचा नाही. ‘उणे पडणे’ हा घरात, शेतात, बाजारात वापरला जाणारा वाक्प्रचार. तो स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत बसवणाऱ्याचा मराठीचा कान पक्का होता. अर्धविरामापाशी श्वास घेता येतो आणि दुसरा अर्धा भाग आपोआप संथ होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळ आणि सकाळ होऊन एकेक दिवस पुरा होत जातो, ते पालुपदही आर.व्ही.त जसे वाजते तसे ऐकणाऱ्यांच्या ओठांवर येते. आमच्या आजींपैकी एकजण प्रत्येक दिवसाच्या शेवटी माझ्याबरोबर म्हणतात.

पत्रांमध्ये आल्यावर मात्र आर.व्ही. जड होते. ‘अशासाठी की’, ‘ह्यास्तव’, ‘च्या द्वारे’ अशा जोडणीने वाक्ये लांबत जातात, आणि रोमकरांस पत्रात कर्ता कुठे राहिला ते वाचणाऱ्यालाच मागे जाऊन शोधावे लागते. पौलाची ग्रीकही लांबच आहे, हे खरे. पण ग्रीक वाक्याला विभक्ती आणि लिंग-वचनाचा जो आधार असतो तो मराठीत तितका मिळत नाही, म्हणून तीच लांबी मराठीत अधिक दमवते. शब्दांचेही तसेच. मार्क १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, असे आहे. वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, खंडणी तर गुंड मागतात ना?’ तिला हा शब्द फक्त वर्तमानपत्रातून माहीत होता. मूळ ग्रीक शब्द गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीचा आहे, त्यामुळे ‘खंडणी’ चुकीचा नाही. पण आता त्याला स्पष्टीकरण लागते, आणि सकाळी एकट्याने वाचणाऱ्याला ते द्यायला शेजारी कुणी नसते.

इथे सी.एल. उपयोगी पडते. योहान ३:१६ मध्ये आर.व्ही. ‘सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे’ म्हणते, तिथे सी.एल.मध्ये ‘शाश्वत जीवन मिळावे’ आहे. फरक लहान वाटेल, पण अशा लहान फरकांनीच नवा वाचक टिकतो. नव्या करारातली पत्रे ज्यांनी कधीच वाचली नाहीत त्यांना मी सरळ सी.एल. हातात देते: आधी फिलिप्पैकरांस, मग याकोब, मग इफिसकरांस. एकदा एकूण म्हणणे कळले की आर.व्ही.ची वाक्ये पूर्वीइतकी अडवत नाहीत. स्तोत्रांसाठी मात्र मी सी.एल. सुचवत नाही. तिथे सोपेपणापेक्षा लय जास्त मोलाची, कारण स्तोत्रे पाठ करायची असतात आणि पाठ होते ती लयच.

मराठी वाचकांना एक मोठी सोय मिळालेली आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मला तर तीच मराठीतून वाचण्याचे सर्वांत भक्कम कारण वाटते. ग्रीकमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. आजच्या इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. लूक २२:३१-३२ उघडा. येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, हाक मारून सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे. इथे अनेकवचन आहे, म्हणजे सगळेच शिष्य. पुढच्याच वाक्यात, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली. इथे एकवचन, फक्त पेत्र. परीक्षा सगळ्यांची, आणि नाव घेऊन प्रार्थना त्या एकासाठी, जो थोड्याच वेळात येशूला नाकारणार आहे. इंग्रजीत हे पोचवण्यासाठी एनआयव्ही या भाषांतराच्या २०११ च्या आवृत्तीला ‘तुम्हां सर्वांना’ असा जादा शब्द घालावा लागला. मराठीत ते आपसूक येते. योहान ३:७ मध्येही तसेच: येशू बोलतो निकदेमाशी एकट्याशी, पण नव्याने जन्मले पाहिजे ते ‘तुम्हांला’. हे ऐकताच वर्गातले सगळे मान वर करतात, कारण बोलणे अचानक त्यांच्याकडे वळते.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ या जोडीत गोष्ट उलटी आहे. ग्रीकमध्ये हा भेद नाही, मराठीत आहे, त्यामुळे भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी ठरवावेच लागते. मार्क ४:३८: वादळ, होडीत पाणी, येशू उशाला डोके ठेवून झोपलेला, आणि शिष्य त्याला उठवून ओरडतात. आपण बुडतोय की आम्ही बुडतोय? ‘आपण’ म्हटले तर येशूही त्याच होडीत, त्याच धोक्यात. ‘आम्ही’ म्हटले तर तक्रार धारदार होते: तुम्ही निवांत झोपलात, मरतोय ते आम्ही. दोन्ही अर्थ मूळ वाक्यात मावतात, पण मराठीला त्यातला एकच घेता येतो. कोणतीही नवी मराठी आवृत्ती हाती आली की मी हे वचन काढते आणि भाषांतरकाराने इथे काय ठरवले ते पाहते. तुमच्याकडच्या दोन आवृत्त्यांत हे वचन शेजारी शेजारी ठेवून बघा; तासभर बोलता येते. प्रभूच्या प्रार्थनेत मात्र वाद नाही: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. बोलणे त्याच्याशीच चालले आहे, म्हणून ‘आपल्या’ चालणारच नाही.

आदरार्थाचा प्रश्नही फक्त आपल्यासारख्या भाषांना पडतो. आर.व्ही.त निवेदक येशूला ‘तो’ म्हणतो, स्तोत्रकर्ता देवाला ‘तू’ म्हणतो, आणि शुभवर्तमानातले गरजू लोक येशूला ‘प्रभूजी, आपण’ म्हणतात. वर्गातल्या काहींना पहिला ‘तो’ खटकतो. मला खटकत नाही. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या अभंगांच्या भाषेत देवाशी एकेरीत बोलणे ही जवळीकच आहे, आणि निवेदनातल्या साध्या ‘तो’मुळे गोष्ट गोष्टीसारखी चालते.

पंडिता रमाबाईंच्या भाषांतराविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यात घातली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम पुरे झालेले होते, आणि १९२४ मध्ये ते छापून निघाले. छपाईच्या कामात मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांचे हात होते. संस्कृताळलेली पंडिती मराठी ज्यांना परकी होती अशा बायकांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, ही त्यामागची ओढ, आणि संस्कृतावर हुकमत असलेल्या बाईने ती ओढ धरली याची थोरवी मला शब्दांत सांगता येत नाही. रोजच्या वाचनाला आज मी ते सुचवणार नाही. शंभर वर्षांत मराठी पुष्कळ सरकली आहे. पण एखाद्या वचनावर आर.व्ही. आणि सी.एल. दोन्ही समाधान करत नसतील तर तिसरे मत घ्यायला यापेक्षा प्रामाणिक सोबत मिळणार नाही.

आता अभ्यास. अभ्यासाच्या बायबलकडून माझी पहिली अपेक्षा अशी की जिथे मूळ वाक्य दोन्हीकडे झुकते तिथे त्याने मला ते कळू द्यावे. रोमकरांस १:१७ मध्ये ‘देवाचे नीतिमत्त्व’ असा प्रयोग आहे. हे देवाचे स्वतःचे न्यायी असणे, की देव माणसाला देतो ते नीतिमत्त्व? शतकानुशतके यावर विचार चालला आहे, आणि मार्टिन ल्यूथरची सगळी घालमेल याच शब्दांपाशी होती. शब्दशः भाषांतरे ‘देवाचे नीतिमत्त्व’ एवढेच ठेवतात. एनएलटी हे इंग्रजी भाषांतर मात्र देव आपल्याला त्याच्या दृष्टीने नीतिमान कसे ठरवतो, असे उलगडून टाकते. वाचायला ते सुखाचे आहे. पण वाचकाला दुसरा अर्थ होता हे कधी कळणारच नाही.

यापेक्षा चांगली कसोटी रोमकरांस ३:२५ ची. तिथल्या एका ग्रीक शब्दावर इंग्रजी भाषांतरांची चक्क पांगापांग झाली आहे. किंग जेम्स, ईएसव्ही आणि एनएएसबी असा शब्द घेतात ज्यात देवाचा क्रोध शांत करण्याचा अर्थ आहे. १९५२ च्या आरएसव्हीने पाप पुसून टाकण्याचा अर्थ असलेला शब्द घेतला. एनआयव्ही आणि एनआरएसव्ही प्रायश्चित्ताचा यज्ञ म्हणतात. नेट बायबलने ‘दयासन’ घेतले, म्हणजे कराराच्या कोशावरचे (पवित्र पेटीवरचे) सोन्याचे झाकण, ज्यावर वर्षातून एकदा महायाजक रक्त शिंपडत असे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या झाकणाला हाच शब्द आहे, आणि इब्री लोकांस ९:५ मध्येही तोच. चार भाषांतरे शेजारी ठेवली नाहीत तर हा सगळा प्रदेश नजरेआड राहतो. ग्रीक न येणाऱ्या माणसासाठी एवढा साधा आणि एवढा खोल नेणारा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही: जिथे भाषांतरे एकमेकांपासून दूर जातात तिथे थांबायचे आणि खोदायचे.

ईएसव्ही की एनआरएसव्ही? दोन्ही आरएसव्हीचीच अपत्ये. एनआरएसव्ही १९८९ मध्ये आले, त्याची नवी सुधारणा २०२१ मध्ये. ईएसव्ही २००१ चे. पौल ‘भावांनो’ म्हणतो तिथे एनआरएसव्ही ‘बंधुभगिनींनो’ करते. ईएसव्ही मुख्य मजकुरात ‘भावांनो’ ठेवून बहिणींचा उल्लेख तळटिपेत देते. सभेत बायका होत्या हे उघड आहे, त्यामुळे पत्रांत मला एनआरएसव्हीचे पटते. पण पहिल्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत एनआरएसव्ही ‘तो मनुष्य’ काढून ‘जे लोक’ करते, तेव्हा नुकसान होते. हिब्रूत तिथे एकटा माणूस आहे आणि समोर दुर्जनांचा, पाप्यांचा, निंदकांचा घोळका आहे. एकाने अनेकांच्या वाटेने न जाणे, हेच ते स्तोत्र. म्हणून स्तोत्रे ईएसव्हीत आणि पत्रे एनआरएसव्हीत, अशी माझी वाटणी आहे. या दोन्हींतले एकच घ्यायचे तर ईएसव्ही घ्या, पण तळटिपांसह छापलेली प्रत.

तळटिपांबद्दल मी जरा हट्टाने बोलते. तळटीप नसलेले बायबल अभ्यासाला घेऊच नये. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहा. चौथ्या शतकातली दोन महत्त्वाची हस्तलिखिते, सायनायटिकस आणि व्हॅटिकानस, १६:८ ला संपतात: स्त्रिया थडग्यापासून पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने त्यांत नाहीत. योहान ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, हीसुद्धा जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. चांगली आवृत्ती हे कंस घालून किंवा टीप देऊन सांगते आणि मजकूरही छापते. प्रेषितांची कृत्ये ८:३७ आधुनिक इंग्रजी भाषांतरांत मजकुरातून थेट तळटिपेत गेलेले असते, आणि ३६ नंतर ३८ आलेले पाहून नवा वाचक गोंधळतो. ‘यांनी वचन गाळले!’ असा संदेश मोबाइलवर फिरतो तेव्हा वर्गात मला दर वेळी हीच तळटीप वाचून दाखवावी लागते. कुणी काही गाळलेले नाही. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीनंतर त्याहून कितीतरी जुनी हस्तलिखिते उजेडात आली, आणि त्यांत ते वचन नव्हते.

जुन्या करारातही असेच. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान इथे गुंडाळ्या सापडत गेल्या. त्याआधी हाताशी असलेली हिब्रू हस्तलिखिते साधारण दहाव्या-अकराव्या शतकातली होती. संपूर्ण बायबल असलेले लेनिनग्राड हस्तलिखित १००८ चे. कुमरानच्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीने आपल्याला एका झेपेत सुमारे हजार वर्षे मागे नेले, आणि मजकूर बहुतांशी तोच निघाला. माझ्या श्रद्धेला याचा मोठा आधार वाटतो. जिथे फरक आहे तिथेही तो लपवण्यासारखा नाही. १ शमुवेल १७:४ मध्ये गल्याथाची उंची मध्ययुगीन हिब्रू मजकुरात सहा हात आणि एक वीत आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि कुमरानच्या शमुवेल गुंडाळीत ती चार हात आणि एक वीत आहे. नऊ फुटांच्या वरचा राक्षस, की पावणेसात फुटांचा धिप्पाड सैनिक? नेट बायबलने दुसरा आकडा मजकुरात घेतला आणि टिपेत कारण दिले. मुलांना ही टीप दाखवली तेव्हा त्यांचा दाविदाच्या गोष्टीतला रस कमी न होता वाढला.

नेट बायबल अशा कामासाठीच आहे. त्यात भाषांतरकारांच्या साठ हजारांहून अधिक टिपा आहेत आणि इंटरनेटवर ते फुकट वाचता येते. इथे हा शब्द का निवडला, दुसरा पर्याय काय होता, कोणत्या हस्तलिखितात काय आहे, हे पानोपानी सांगितलेले असते. त्याचे इंग्रजी वाचायला मात्र रुक्ष आहे. रोजच्या वाचनाला कुणी ते घेतले तर टिपांतच अडकून पडेल आणि अध्याय पुरा होणार नाही.

लांब वाक्यांचे प्रत्येक आवृत्ती काय करते, हे बघायला इफिसकरांस १:३-१४ काढा. ग्रीकमध्ये हे सगळे मिळून एकच वाक्य आहे, स्तुतीच्या उमाळ्यात न थांबता म्हटलेले. एनएएसबी त्या धाग्याला शक्य तितके धरून राहते, एनआयव्ही त्याचे बरेच तुकडे करते, एनएलटी आणखी. तुकडे केल्याने समजते लवकर, पण ‘ख्रिस्ताच्या ठायी’ हे पुन्हा पुन्हा येऊन सगळे एकत्र ओवणारे शब्द विरळ वाटू लागतात. हा उतारा मी आधी एनआयव्हीत समजून घ्यायला लावते, मग आर.व्ही.त मोठ्याने वाचून घेते.

बाकीची झटपट. १९७८ चे एनआयव्ही मधल्या वाटेचे आहे. एकच इंग्रजी बायबल ठेवायचे असेल तर ते कुणालाही बिनधास्त द्यावे. एनकेजेव्ही १९८२ चे, किंग जेम्सची चाल हवी पण जुने शब्द नकोत अशांसाठी. ‘द मेसेज’ हे यूजीन पीटरसन या एका पाळकाने आजच्या अमेरिकी बोलीत पुन्हा सांगितलेले बायबल आहे, १९९३ ते २००२ या काळात टप्प्याटप्प्याने आलेले. ओळखीचे वचन कानाला बोथट झाले असेल तर ते एकदा वाचावे; त्याच्यावर अर्थ ठरवू नये.

किंग जेम्सवर प्रेम करणारे वर्गात आहेत आणि मी त्यांना अडवत नाही. आज जी प्रत मिळते ती बहुधा १७६९ च्या सुधारणेवर आधारलेली असते, १६११ च्या मूळ छपाईवर नव्हे. तिचा नाद अजोड आहे. अडचण माहीत नसलेल्या शब्दांची नाही, ते कोशात सापडतात. अडचण आहे माहीत वाटणाऱ्या शब्दांची. १ थेस्सलनीकाकरांस ४:१५ मध्ये आज ‘अडवणे’ या अर्थाचा शब्द तिथे ‘आधी जाणे’ या अर्थाने आहे. वाचणारा तिथे थांबत नाही, कारण त्याला वाटते आपल्याला कळले. अभ्यासाला किंग जेम्स वापरणाऱ्याने शेजारी एक आजचे भाषांतर उघडे ठेवलेच पाहिजे.

कॅथोलिक वाचकांनी घेण्याआधी अनुक्रमणिका पाहावी. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके, कॅथोलिक बायबलमध्ये ७३. तोबीत, मक्काबी वगैरे पुस्तके सगळ्या आवृत्त्यांत नसतात. एनआरएसव्ही दोन्ही रूपांत मिळते. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ज्यांनी बायबल कधीच उघडले नाही अशा कोणत्याही धर्माच्या मराठी वाचकाला मी आनंदाने सुचवते. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे, आणि ललित गद्य वाचणाऱ्याला ते सहज आपलेसे होते.

टिपांचे जाडजूड ‘स्टडी बायबल’ घेताना टिपा कुणी लिहिल्या हे बघा. मजकूर आणि टीप एकाच पानावर, एकाच ठशात आल्या की दोन्हींना सारखेच वजन मिळू लागते. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी शेवटच्या काळाविषयीची एक विशिष्ट मांडणी घरोघरी नेली, आणि कित्येकांना ती बायबलमध्येच लिहिली आहे असे वाटत राहिले. स्ट्राँगच्या कोशाचे क्रमांकही, म्हणजे मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांना दिलेले आकडे, जपून वापरावेत. १८९० पासून ते फार उपयोगी पडत आले आहेत, पण शब्दाच्या पाचसहा अर्थांतला आपल्या आवडीचा उचलून वचनात बसवणे म्हणजे अभ्यास नव्हे. अर्थ वाक्य ठरवते.

रोजच्या वाचनाचा हिशेब सोपा आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक वाचला तर बरोबर वर्षभरात पुरा होतो, आणि राहिलेल्या दोन दिवसांत स्तोत्रे. संपूर्ण बायबल ११८९ अध्यायांचे आहे, म्हणजे दिवसाला तीनचार. सुरुवातीलाच हे घेऊ नका. लेवीयपर्यंत पोचता पोचता पुष्कळांचे वाचन थांबते, मग अपराधी वाटत राहते आणि पुस्तक मिटलेलेच राहते. पहिल्या वर्षी नवा करार, तोही मोठ्याने.

वाचन छापील प्रतीवर करावे आणि तुलना फोनवर. अ‍ॅपमध्ये दोन आवृत्त्या समोरासमोर लावता येतात, ती सोय अनमोल आहे. पण त्याच फोनवर संदेश येत असतात, आणि स्तोत्राच्या मधोमध ते वाचकाला ओढून नेतात. प्रत निवडताना कागदाच्या मागची अक्षरे पुढे दिसतात का, ते पान उजेडात धरून पाहा. रोजच्या वाचनासाठी परिच्छेदांत छापलेली, शक्य तर एका रकान्याची प्रत घ्या. वचनांचे आजचे क्रमांक नव्या कराराला १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले. प्रत्येक वचन वेगळ्या ओळीवर छापले की विचार तुटतो आणि पत्र हे पत्र वाटत नाही. अभ्यासाच्या प्रतीला रुंद समास हवा आणि पेन्सिलीने लिहिले तर फाटणार नाही असा कागद.

येशूचे शब्द लाल रंगात छापण्याची पद्धत १८९९ ची. पुष्कळांना ती प्रिय आहे. पण ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचे बोलणे पंधराव्या वचनाला संपते की एकविसाव्याला, यावर भाषांतरांत एकमत नाही. सोळावे वचन येशूच्या तोंडचे की शुभवर्तमानकाराचे, हे त्यावर ठरते. लाल शाई तिथे कुठेतरी थांबतेच. अशी प्रत घ्यायची असेल तर आधी ते पान काढा, लाल कुठे संपते ते पाहा, आणि दुसऱ्या मताची नोंद तळटिपेत आहे का तेही बघा.